कर्करोगावरील रोबोटिक शस्त्रक्रिया : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्करोगाचे निदान झाल्यावर घरातील माणसांना अवघ्या काही दिवसांत मोठे निर्णय घ्यावे लागतात. त्यातच डॉक्टरांनी 'हे ऑपरेशन रोबोटने करता येईल' असे सुचवले की पैशांचा आणि भीतीचा आणखी एक हिशेब सुरू होतो. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळालेले प्रौढ रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. रोबोटिक शस्त्रक्रिया चांगली की वाईट, या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. ते अवयवानुसार, कर्करोगाच्या टप्प्यानुसार आणि ती करणाऱ्या हातांनुसार बदलते, म्हणून पुढे अवयववार उत्तरे दिली आहेत.

यंत्र स्वतःहून ऑपरेशन करते का?

नाही. आज कर्करोगासाठी वापरली जाणारी यंत्रे स्वतःच्या निर्णयाने एकही छेद घेत नाहीत. सर्जन त्याच ऑपरेशन थिएटरमध्ये, रुग्णापासून काही फुटांवर, कन्सोलसमोर बसलेले असतात. त्यांचे डोळे पडद्याकडे असतात, बोटे दोन नियंत्रकांत अडकवलेली असतात आणि पाय पेडलवर असतात. त्यांची बोटे हलतील तशी रुग्णाच्या पोटात गेलेली बारीक अवजारे हलतात. बऱ्याच यंत्रांत सर्जनने कन्सोलमधून डोके बाहेर काढले की यंत्राचे हात जागच्या जागी थांबतात.

रुग्णाच्या शेजारी हातमोजे घालून आणखी एक सर्जन उभे असतात. अवजारे बदलणे, रक्त शोषून घेणे, क्लिप लावणे ही कामे ते करतात. नातेवाईक कन्सोलवरच्या सर्जनचे नाव विचारतात, शेजारी कोण उभे राहणार हे मात्र सहसा विचारत नाहीत. अचानक रक्तस्राव झाला तर रुग्णाच्या सर्वात जवळ हीच व्यक्ती असते.

दुर्बिणीच्या ऑपरेशनपेक्षा हे वेगळे कसे?

दोन्हींत पोटावर लहान छिद्रे घेतात, कार्बन डायऑक्साइड वायूने पोट फुगवतात आणि कॅमेऱ्याने आत पाहतात. म्हणजे रोबोटिक शस्त्रक्रिया हीसुद्धा दुर्बिणीचीच शस्त्रक्रिया आहे. फरक अवजारांत आणि दृश्यात आहे.

साध्या दुर्बिणीची अवजारे लांब आणि सरळ असतात. हात डावीकडे नेला की आतले टोक उजवीकडे जाते आणि मनगट वळवण्याची सोय नसते. रोबोटच्या अवजाराला टोकाशी मनगटासारखा सांधा असतो, त्यामुळे अरुंद जागेतही सुई हव्या त्या कोनात फिरवून टाका घेता येतो. हाताचा बारीक कंप गाळला जातो. सर्जनच्या हाताची मोठी हालचाल आत लहान करून पोहोचवता येते. दृश्य त्रिमितीय आणि दहापटींपर्यंत मोठे दिसते, आणि कॅमेरा सर्जन स्वतः फिरवतात. सर्जन बसून काम करत असल्याने चार-पाच तासांच्या शस्त्रक्रियेत त्यांच्या पाठीला आणि खांद्यांना कमी थकवा येतो.

'दा विंची' या सर्वाधिक वापरात असलेल्या यंत्राला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००० मध्ये परवानगी दिली. ओटीपोटाच्या तळाशी, जिथे हात नीट पोहोचत नाही आणि टाके घालणे अवघड जाते, अशा ठिकाणी त्याचा उपयोग झपाट्याने वाढला. प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

रोबोटने ऑपरेशन केले तर कर्करोग बरा होण्याची शक्यता वाढते का?

बहुतेक कर्करोगांच्या बाबतीत तसा पुरावा नाही. रुग्णांना हे सर्वात आधी आणि स्पष्टपणे सांगायला हवे, कारण जाहिरातींतून याच्या उलट समज पसरतो.

कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत दोन गोष्टींना महत्त्व असते. गाठ भोवतालच्या निरोगी पेशींच्या कडेसह पूर्ण निघाली का, आणि आवश्यक त्या लसिका ग्रंथी (लिम्फ नोड) योग्य प्रमाणात काढल्या गेल्या का? या दोन्ही गोष्टी नीट झाल्या असतील तर त्या मोठ्या छेदातून केल्या, साध्या दुर्बिणीतून केल्या की रोबोटने केल्या, याने आजाराच्या पुढच्या वाटचालीत सहसा मोठा फरक पडत नाही. मूत्राशयाच्या कर्करोगावरील २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला 'रेझर' हा अमेरिकेतील अभ्यास याचे चांगले उदाहरण आहे. त्यात ३५० रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी केली होती. दोन वर्षांनंतर आजार न वाढलेल्या रुग्णांचे प्रमाण रोबोटच्या गटात ७२.३ टक्के आणि पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेच्या गटात ७१.६ टक्के होते, म्हणजे जवळजवळ सारखेच. रोबोटच्या गटात रक्त कमी गेले आणि रुग्णालयातील मुक्काम कमी झाला, पण ऑपरेशनला वेळ जास्त लागला.

बऱ्याच अवयवांच्या बाबतीत चित्र असेच आहे. रोबोटचा फायदा प्रामुख्याने ऑपरेशननंतरच्या काही आठवड्यांत जाणवतो. तो खरा आहे आणि क्षुल्लकही नाही. मात्र त्याला 'कर्करोग जास्त चांगला बरा होतो' असे म्हणता येणार नाही.

वडिलांना प्रोस्टेटचा कर्करोग आहे. त्यांच्यासाठी रोबोट योग्य आहे का?

त्याआधी दुसरा प्रश्न विचारावा लागेल: शस्त्रक्रिया आवश्यक आहे का? प्रोस्टेटचे बरेच कर्करोग संथ असतात. ब्रिटनमधील 'प्रोटेक्ट' अभ्यासात प्रोस्टेटपुरत्या मर्यादित कर्करोगाच्या १,६४३ पुरुषांची तीन गटांत विभागणी केली होती: नियमित देखरेख, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन. सुमारे पंधरा वर्षांनंतर तिन्ही गटांत मिळून प्रोस्टेटच्या कर्करोगाने झालेले मृत्यू तीन टक्क्यांहून कमी होते आणि गटागटांत ठळक फरक नव्हता. म्हणून कमी जोखमीच्या आजारात केवळ रोबोट उपलब्ध आहे या कारणाने ऑपरेशनची घाई करू नये. यूरोसर्जनबरोबरच (मूत्रविकारांच्या सर्जनबरोबरच) रेडिएशनच्या डॉक्टरांचेही मत घ्यावे.

शस्त्रक्रिया करायचे ठरले तर रोबोट येथे खरोखर उपयोगी पडतो. प्रोस्टेट कटीच्या हाडांमागे खोलवर असते. ते काढल्यावर मूत्राशयाचे तोंड आणि मूत्रमार्गाचा उरलेला भाग एकमेकांना गोलाकार टाक्यांनी जोडावे लागतात. दोन्ही बाजूंना चिकटून ताठरतेच्या नसांची बारीक जाळी असते. आजार तिथवर पोहोचला नसेल तर ती अलगद सोलून बाजूला ठेवायची असते. या दोन्ही कामांत मोठे दृश्य आणि वळणारे टोक यांचा सर्जनला आधार मिळतो. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे ३२६ पुरुषांवर झालेल्या तुलनेत मोठ्या छेदाच्या गटात सरासरी १,३३८ मिलिलिटर, तर रोबोटच्या गटात सरासरी ४४४ मिलिलिटर रक्त गेले, आणि रोबोटच्या गटातील रुग्ण लवकर घरी गेले.

त्याच अभ्यासात दोन वर्षांनंतर लघवीवरील ताबा आणि लैंगिक क्षमता या दोन्ही बाबतींत गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणून 'रोबोटने केले की लघवी गळत नाही' असे कोणी खात्रीने सांगत असेल तर ते खरे मानू नये. शस्त्रक्रियेनंतर साधारण एक ते दोन आठवडे लघवीची नळी ठेवावी लागते. नळी काढल्यावर लघवी गळणे हे अनेकांच्या वाट्याला येते, पुढच्या काही महिन्यांत बहुतेकांना आराम पडतो आणि काहींना त्रास कायम राहतो. ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम ऑपरेशनच्या आधीपासूनच शिकून घेतलेले चांगले. पुरुष संकोचाने हे विषय काढत नाहीत आणि नंतर एकटेच सोसत राहतात, म्हणून घरातल्यांनी डॉक्टरांसमोर हा प्रश्न मोकळेपणाने विचारू द्यावा.

मूत्रपिंडाच्या गाठीसाठी रोबोटची गरज आहे का?

पूर्ण मूत्रपिंड काढायचे असेल तर साधी दुर्बीण बहुतेकदा पुरेशी असते आणि रोबोटवर अधिक खर्च करण्याचे कारण राहत नाही.

गाठ लहान असेल आणि फक्त तेवढा भाग काढून मूत्रपिंड वाचवायचे असेल तर परिस्थिती वेगळी असते. मूत्रपिंडाची रोहिणी चिमट्याने काही काळ बंद करावी लागते, नाहीतर रक्ताने काहीच दिसत नाही. ती बंद असताना मूत्रपिंडाला रक्त मिळत नाही, त्यामुळे गाठ कापणे आणि उघडी पडलेली बाजू शिवणे हे शक्यतो पंचवीस-तीस मिनिटांच्या आत उरकावे लागते. अशा वेळी झटपट आणि अचूक टाके घालता येणे मोलाचे ठरते. एकच मूत्रपिंड असलेल्या किंवा मधुमेहाने मूत्रपिंडावर आधीच ताण आलेल्या रुग्णाने हा पर्याय नक्की विचारावा.

आईला गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे. रोबोटने केले तर त्रास कमी होईल ना?

या आजारात विशेष सावध राहायला हवे. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या टप्प्यातील कर्करोगासाठी गर्भाशय भोवतालच्या पेशींसह काढण्याची मोठी शस्त्रक्रिया करतात. ती दुर्बिणीने किंवा रोबोटने केली तर परिणाम तितकेच चांगले असतील, असे अनेक वर्षे गृहीत धरले जात होते. २०१८ मध्ये 'लॅक' या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने तो समज मोडीत काढला. ६३१ स्त्रियांच्या या अभ्यासात साडेचार वर्षांनंतर आजारमुक्त असलेल्यांचे प्रमाण पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेच्या गटात ९६.५ टक्के होते, तर लहान छिद्रांतून केलेल्या शस्त्रक्रियेच्या गटात ते ८६ टक्के होते. मृत्यूही दुसऱ्या गटात जास्त झाले. त्या गटातील बहुतेक शस्त्रक्रिया साध्या दुर्बिणीच्या होत्या, रोबोटच्या थोड्याच होत्या. तरीही रोबोटला यातून सूट आहे असे म्हणण्याइतका भक्कम पुरावा त्या वेळी कोणाकडे नव्हता.

असे का घडले, याची काही कारणे सुचवली गेली आहेत. गर्भाशय हलवण्यासाठी योनीमार्गातून घातले जाणारे उपकरण गाठीवर दाबले जाते. योनीमार्ग पोटाच्या आतून उघडताना कर्करोगाच्या पेशी सांडू शकतात. पोटातील वायूचाही हात असू शकतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गर्भाशयमुखाच्या आणि स्तनाच्या कर्करोगात रोबोट वापरण्याबाबत जाहीर सावधगिरीची सूचना दिली.

याचा व्यवहारातला अर्थ साधा आहे. या आजारासाठी पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया हीच प्रमाण पद्धत मानली जाते. कोणी रोबोट सुचवत असेल तर 'लॅक अभ्यासानंतरही तुम्ही हा पर्याय का सुचवता?' असा प्रश्न नावानिशी विचारावा. मोठी जखम, आठवडाभराचा मुक्काम आणि दुखणे हे सगळे त्रासदायक आहे हे मान्य, पण आजार उलटण्याचा धोका पत्करून ते टाळू नये. आजार थोडा पुढे गेलेला असेल तर बहुतेक वेळा शस्त्रक्रियेऐवजी रेडिएशन आणि केमोथेरपी हाच उपचार असतो.

गर्भाशयाच्या आतील अस्तराच्या कर्करोगालाही हेच लागू आहे का?

नाही, आणि या दोन आजारांची गल्लत होऊ देऊ नये. अस्तराच्या कर्करोगात दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुरक्षित असल्याचे अमेरिकेतील अडीच हजारांहून अधिक स्त्रियांच्या 'लॅप टू' या अभ्यासातून दिसले आहे. त्यात सुमारे एक चतुर्थांश स्त्रियांच्या बाबतीत दुर्बीण सोडून पोट उघडावे लागले होते, आणि वजन जितके जास्त तितकी ही शक्यता वाढत होती. हा आजार लठ्ठपणाशी निगडित असल्याने जास्त वजनाच्या रुग्ण पुष्कळ असतात आणि त्यांच्यात रोबोटमुळे पोट उघडण्याची वेळ कमी येते. मोठ्या छेदाची जखम चिघळण्याचा धोका असलेल्या मधुमेही आणि स्थूल स्त्रीसाठी हा फायदा खरोखर मोठा आहे.

गुदाशयाच्या कर्करोगात काय अनुभव आहे?

येथे पुरावा हळूहळू बदलत गेला आहे. दहा देशांतील ४७१ रुग्णांच्या 'रोलार' अभ्यासात पोट उघडावे लागण्याचे प्रमाण रोबोटच्या गटात ८.१ टक्के आणि साध्या दुर्बिणीच्या गटात १२.२ टक्के होते. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. त्यानंतर चीनमधील 'रिअल' या मोठ्या अभ्यासात अनुभवी सर्जननी केलेल्या रोबोटिक शस्त्रक्रियेत गाठीच्या कडेशी कर्करोग उरण्याचे प्रमाण ४ टक्के, तर साध्या दुर्बिणीच्या गटात ७.२ टक्के आढळले. तीन वर्षांनंतर त्याच भागात आजार परतण्याचे प्रमाणही रोबोटच्या गटात कमी होते. म्हणून मध्य आणि खालच्या गुदाशयाच्या गाठीत, विशेषतः अरुंद कटीच्या पुरुषांत, रोबोटच्या बाजूने बोलण्यास आता आधार आहे. अर्थात त्या अभ्यासातील सर्जन आधीच निष्णात होते, हे लक्षात ठेवायला हवे.

पोटावर शौचाची पिशवी लागेल की नाही, हे मुख्यतः गाठ गुदद्वारापासून किती अंतरावर आहे यावर ठरते. 'रोबोट म्हणजे पिशवी नाही' अशी समजूत करून घेऊ नये.

तोंडाच्या कर्करोगावर रोबोटचा उपयोग होतो का?

आपल्याकडे हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण भारतातील पुरुषांत ओठ आणि तोंडाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो. तंबाखू, गुटखा, सुपारी आणि मिश्री यांमुळे होणारे आपल्याकडचे बहुतेक कर्करोग गालाच्या आतील बाजूस, हिरडीजवळ किंवा जिभेच्या कडेला असतात. तोंड उघडले की ही जागा दिसते आणि हात तिथवर पोहोचतो. त्यात पुष्कळदा जबड्याचे हाड कापावे लागते आणि मांडी, छाती किंवा पायाच्या नळीतून मांस-हाड आणून ती जागा भरावी लागते. यात मुख्य गाठ काढण्यासाठी रोबोटने काहीच साधत नाही.

रोबोटचा उपयोग टॉन्सिल आणि जिभेचा मागचा भाग येथील लहान गाठींसाठी होतो. पूर्वी तिथे पोहोचायला जबडा दुभंगावा लागे. मात्र अशा गाठींसाठी रेडिएशन हा तुल्यबळ पर्याय असतो. कॅनडातील 'ओरेटर' अभ्यासात गिळण्याच्या क्षमतेच्या बाबतीत शस्त्रक्रियेचा गट रेडिएशनच्या गटापेक्षा सरस ठरला नाही. त्यानंतरच्या दुसऱ्या अभ्यासात शस्त्रक्रियेच्या गटात उपचारांशी संबंधित दोन मृत्यू झाल्याने रुग्ण घेणे वेळेआधी थांबवावे लागले. मानेतील ग्रंथी कानामागच्या छेदातून रोबोटने काढता येतात, पण तेथे फायदा मुख्यतः व्रण झाकण्याचा असतो.

स्तनाच्या कर्करोगासाठी रोबोट वापरावा का?

स्तन वाचवून केवळ गाठ काढणे किंवा पूर्ण स्तन काढणे या शस्त्रक्रिया त्वचेजवळच्या आहेत आणि रोबोटशिवाय उत्तम होतात. काही केंद्रांत काखेतील छोट्या छेदातून रोबोटने स्तन काढून लगेच पुनर्रचना करतात, पण आजार परतण्याबाबतची दीर्घकालीन माहिती अजून तोकडी आहे. बहुसंख्य स्त्रियांनी यासाठी जादा खर्च करू नये, असे स्पष्टपणे वाटते.

रोबोटिक शस्त्रक्रियेचे तोटे आणि धोके कोणते?

पहिला तोटा स्पर्शाचा. बहुतेक यंत्रांत सर्जनच्या बोटांना ऊतींचा ताण जाणवत नाही. पोट उघडल्यावर हाताने चाचपून गाठ कुठवर पसरली आहे हे कळते, तसे येथे कळत नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या ताणावरून सर्जन अंदाज बांधायला शिकतात, आणि हे शिकायला अनेक शस्त्रक्रिया लागतात. २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या 'दा विंची ५' या नव्या यंत्रात ताणाची काही जाणीव देणारी अवजारे आली आहेत, पण सध्या वापरात असलेली बरीच यंत्रे जुन्या पिढीची आहेत.

दुसरा मुद्दा रुग्णाला झोपवण्याच्या पद्धतीचा आहे आणि त्याची चर्चा फारच कमी होते. प्रोस्टेट, मूत्राशय आणि गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेत टेबल तिरके करून डोके खाली आणि पाय वर ठेवतात, म्हणजे आतडी छातीकडे सरकतात आणि ओटीपोट मोकळे होते. या स्थितीत काही तास राहिल्याने चेहरा व पापण्या सुजतात, डोळ्यांतील दाब वाढतो, फुफ्फुसांवर भार येतो आणि हृदयाला जास्त काम करावे लागते. ज्यांना काचबिंदू आहे, पूर्वी पक्षाघाताचा झटका आला आहे, हृदयाची झडप खराब आहे किंवा दमा बळावलेला आहे, त्यांनी ही माहिती भूलतज्ज्ञांना स्वतःहून द्यावी. डोळ्यांत थेंब घालत असाल तर ती बाटलीच सोबत न्यावी, कारण 'डोळ्यांचं औषध चालू आहे' एवढ्याने त्यांना पुरेसा बोध होत नाही. फार वेळ एकाच स्थितीत राहिल्याने खांद्याच्या किंवा पायाच्या नसा दबून तात्पुरती बधिरता येऊ शकते.

बाकीचे धोके कोणत्याही मोठ्या शस्त्रक्रियेसारखेच आहेत: रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पायांत रक्ताची गुठळी, शेजारच्या आतड्याला किंवा मूत्रवाहिनीला इजा, छिद्राच्या जागी हर्निया. जखम लहान असली तरी आतले ऑपरेशन लहान नसते.

ऑपरेशन चालू असताना यंत्र बिघडले तर?

यंत्रात बिघाड होणे दुर्मीळ आहे. तसे झाल्यास अवजारे हाताने सोडवून बाहेर काढता येतात आणि शस्त्रक्रिया साध्या दुर्बिणीने किंवा पोट उघडून पूर्ण करतात. त्यासाठी लागणारी सामग्री थिएटरमध्ये तयार ठेवलेली असते. बिघाडापेक्षा चिकटलेल्या ऊती, रक्तस्राव किंवा अपेक्षेहून पसरलेला आजार यांमुळे पोट उघडावे लागण्याची शक्यता अधिक असते. संमतीपत्रात याचा उल्लेख असतोच. सर्जनने तसा निर्णय घेतला तर त्याला अपयश समजू नये, कारण योग्य वेळी पोट उघडणारा सर्जन रुग्णाचे हितच पाहत असतो.

खर्च किती वाढतो आणि विमा मिळतो का?

यंत्राची किंमत अनेक कोटी रुपये असते, दरवर्षी देखभालीचा करार असतो आणि अवजारांना वापराची मर्यादा असते. अवजारातील चिप वापर मोजत राहते आणि ठरलेली संख्या संपली की यंत्र ते अवजार स्वीकारत नाही. हा सगळा खर्च बिलात उतरतो. खासगी रुग्णालयांत साध्या दुर्बिणीच्या तुलनेत हा फरक बहुधा लाखाच्या पुढे जातो.

विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रोबोटिक शस्त्रक्रियेसह ठरावीक आधुनिक उपचार आरोग्य विम्यातून वगळता येत नाहीत. मात्र त्यांवर उपमर्यादा घालण्याची मुभा कंपन्यांना आहे. खरी अडचण येथेच होते. विम्याची रक्कम दहा लाख असते, पण पॉलिसीच्या आतल्या पानावर रोबोटिक शस्त्रक्रियेसाठी वेगळी आणि बरीच कमी मर्यादा छापलेली असते, आणि ती डिस्चार्जच्या दिवशी समोर येते. म्हणून कॅशलेसचा अर्ज करण्यापूर्वी 'आधुनिक उपचार' हा मथळा शोधून ते कलम वाचावे, आणि मंजुरीपत्रात 'रोबोटिक' हा शब्द आहे की नुसती 'शस्त्रक्रिया' असे लिहिले आहे, हे पाहावे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक शस्त्रक्रिया ठरलेल्या दरांत होतात. आपल्या शस्त्रक्रियेचे पॅकेज नेमके कशाला लागू आहे आणि रोबोटचा जादा खर्च कोण देणार, हे रुग्णालयातील आरोग्यमित्रांना दाखल होण्यापूर्वीच विचारावे.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. कर्करोगाचा खर्च ऑपरेशनवर थांबत नाही. पॅथॉलॉजीचा अहवाल आल्यावर केमोथेरपी किंवा रेडिएशन लागू शकते, त्यानंतर तपासण्या आणि स्कॅन असतात. रोबोटसाठी शेत गहाण टाकून पुढची केमोथेरपी अर्धवट सोडावी लागली तर नुकसान कितीतरी मोठे होते. हाताशी असलेला पैसा पूर्ण उपचाराला पुरेल अशा रीतीने वाटावा.

सर्जनना कोणते प्रश्न विचारावेत?

यंत्राच्या मॉडेलपेक्षा सर्जनचा अनुभव जास्त महत्त्वाचा असतो. हीच शस्त्रक्रिया, याच अवयवाची, तुम्ही वर्षाला साधारण किती करता, असे विचारावे. 'रुग्णालयात किती होतात' हे वेगळे उत्तर आहे. त्यांतील किती रुग्णांच्या कडा कर्करोगमुक्त आल्या, कितींचे पोट मध्येच उघडावे लागले आणि कितींना पुन्हा दाखल करावे लागले, हेही विचारावे. स्वतःची आकडेवारी ठेवणारे सर्जन या प्रश्नांनी दुखावले जात नाहीत.

त्यानंतरचा प्रश्न असा: 'रोबोट नसता तर तुम्ही माझ्यासाठी काय केले असते आणि परिणामात कोणता फरक पडला असता?' उत्तरात आपल्या आजारासंबंधी काही नेमके असेल तर ते ऐकण्याजोगे आहे. केवळ 'अत्याधुनिक' एवढेच ऐकू आले तर दुसरे मत घ्यावे. आपली केस ट्यूमर बोर्डात, म्हणजे सर्जन, केमोथेरपी आणि रेडिएशनचे डॉक्टर तसेच पॅथॉलॉजिस्ट यांच्या एकत्रित बैठकीत, चर्चेला आली होती का, हेही जरूर विचारावे. दुसरे मत घ्यायला जाताना बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ब्लॉक सोबत न्यावेत. नुसता छापील अहवाल नेला तर तपासणी पुन्हा करण्यात दिवस जातात.

आमच्या शहरात रोबोट नाही. मुंबई-पुण्याला जाईपर्यंत थांबावे का?

रोबोट नाही एवढ्याच कारणाने उपचार लांबवू नयेत. आपल्या जिल्ह्यात किंवा जवळच्या मोठ्या शहरात कर्करोगाच्या शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण घेतलेले सर्जन असतील आणि ते ही शस्त्रक्रिया नियमित करत असतील, तर पोट उघडून किंवा साध्या दुर्बिणीने वेळेवर झालेली शस्त्रक्रिया कुठेही कमी दर्जाची नाही. प्रवास करायचाच असेल तर अनुभवी टीमसाठी करावा. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात सर्व पद्धतींच्या शस्त्रक्रिया होतात आणि कोणाला कोणती पद्धत योग्य हे तिथे आजारानुसार ठरते.

भारतीय बनावटीचे 'एसएसआय मंत्रा' हे यंत्र २०२२ पासून परवानगीसह वापरात आले आहे आणि इतरही कंपन्या या क्षेत्रात उतरल्या आहेत. स्पर्धेमुळे पुढे खर्च कमी होईल अशी आशा आहे. मात्र आज हातात बायोप्सीचा अहवाल असलेल्या माणसाने त्या आशेवर थांबू नये.

छिद्रे लहान असल्याने लगेच कामाला लागता येईल का?

चालणे-फिरणे बहुधा दुसऱ्याच दिवशी सुरू करतात आणि ते करायलाच हवे, कारण त्याने गुठळीचा धोका कमी होतो. पोटातील उरलेल्या वायूमुळे एक-दोन दिवस खांदा दुखतो. तो हृदयविकार नसला तरी छातीत दुखत असेल तर लगेच सांगावे. हलकी कामे साधारण दोन-तीन आठवड्यांत जमतात. पाण्याची घागर, गॅसची टाकी किंवा धान्याचे पोते उचलणे मात्र किमान सहा आठवडे टाळावे. बाहेरचे टाके दिसेनासे झाले तरी आतली शिवण भरून यायला वेळ लागतो, आणि शेतीची किंवा हमालीची कामे करणाऱ्यांना हे घरच्यांनी वारंवार सांगावे लागते.

ताप, पोट फुगून उलट्या होणे, पोटरी एका बाजूला सुजणे, नळीतून लघवी येणे बंद होणे किंवा छिद्रातून पू येणे यांपैकी काहीही झाले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालयात जावे. पॅथॉलॉजीचा अंतिम अहवाल साधारण आठ ते पंधरा दिवसांत येतो. तो घ्यायला रुग्ण जाऊ शकत नसेल तर नातेवाइकांनी जावे, आणि पुढचा उपचार लागणार आहे का, हे त्याच भेटीत लिहून घ्यावे.